पाकिटावरचं अक्षर

पुणे,
१४ ऑगस्ट २०२३

मोहिनीताई,

सहा महिन्यांत एक फोन नाही आणि आता एकदम पत्र, असं म्हणशील. पण फोनवर तू ‘लवकर सांग, गॅसवर दूध आहे’ म्हणतेस, म्हणून हा उपाय.

माझी नोकरी एप्रिलमध्ये सुटली. सध्या खाण्यापिण्यावर ब्लॉग लिहिते. वाचणारे तीनशे, त्यातले निम्मे जुन्या ऑफिसातले. एवढ्यावर कुठलीही कंपनी पैसे लावत नाही, प्रायोजक मिळत नाही. म्हणून एका वर्गाला जाते. तिथले सर म्हणतात, पाककृती कुणीही देतं, कंपनी पैसे देते ते माणसाला. आधी स्वतःचा ब्रँड करा. एक चेहरा, एक आवाज, एक गोष्ट. मला विचारलं, तुमची गोष्ट काय? मी म्हटलं, मी वर्ध्याची. ते म्हणाले, हा तर पत्ता झाला.

त्या दिवशी मला तुझं अक्षर आठवलं. लहानपणी सुट्टीत आले की तू मला पाटीवर कित्ता काढून द्यायचीस. अख्ख्या नाचणगावच्या लग्नपत्रिकांवर तूच नावं घालायचीस. तर एक मागणं आहे. महिन्याला एक पत्र लिहिशील? हातानं. काय शिजवलं, मळ्यात काय आहे, कुंतामावशी खाटेवरून काय काय हुकूम सोडते, सगळं तिच्याच शब्दांत. आपल्या आया सख्ख्या बहिणी, पण माझी आई पिपरी मेघेला राहून पार शहरी झाली आणि मी तर चवच विसरले. तुझं वाचून मला काही सुचेल.

हे फक्त माझ्यासाठी. छापणार कुठेच नाही.

गुंजन

•

नाचणगाव,
२९ ऑगस्ट २०२३

गुंजे,

तुझं पत्र पोस्टमन नत्थूजींनी माझ्या हातात देण्याआधी दोनदा उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, “मोहिनीबाई, कोर्टाचं तं नाई ना?” हल्ली लिफाफा आला की माणसं घाबरतात.

आईला वाचून दाखवलं. मांडीचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच आहे, पण आवाज शाबूत आहे. म्हणाली, “तिले म्हणा, चव इसरली तं येऊन खाऊन जा. कागदानं पोट भरते काय?” मग लगेच, “लिही, लिही. अंबाडीच्या भाजीचं लिही.” आणि तासभर सांगत बसली. अंबाडी उकडून पाणी काढून टाकायचं, तुरीची डाळ आणि कण्या घालायच्या, फोडणीत लसूण एवढा की शेजारीण विचारायला आली पाहिजे. वरून सांबार. म्हणजे तुमची पुण्याची कोथिंबीर. तुला आता सांबार म्हटलं की इडलीच आठवत असेल.

मळ्यात वांगी आहेत, मिरची आहे. मुकेश पहाटे पुलगावच्या बाजारात माल घेऊन जातात, येताना खुशीसाठी जिलेबी आणतात आणि ती अर्धी स्वतःच खातात. पोरगी बारावीला आहे, तिला जिलेबीचं काही राहिलेलं नाही.

लिहीन महिन्याला. एक अट आहे. तू छापणार नाहीस म्हणतेस, पण उद्या मन बदललं आणि कुठे छापलंस, तर आईचं नाव घालायचं. कुंताबाई. सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागलंच नाही, रेशनकार्डावर ‘कांताबाई’ लागलं. जन्मभर राबली, एकदा कुठे तरी धड लागू दे.

मोहिनी

•

पुणे,
२० नोव्हेंबर २०२३

मोहिनीताई,

तिन्ही पत्रं मिळाली. वाचताना मावशी शेजारी बसून बोलते आहे असं वाटतं. तिच्या नावाचं पक्कं लक्षात आहे, काळजी नको.

सोबत कागद आणि शाईचं पेन पाठवते आहे. वहीचा रेघांचा कागद वापरू नकोस, हा पिवळसर वापर. बॉलपेनही नको. मला ही पत्रं जन्मभर जपायची आहेत म्हणून. आणि आणखी एक, हसू नकोस. वर ‘गुंजे’ लिहू नकोस, नुसतं ‘बाळा’ लिही. खाली तुझी सहीही नको. परक्या शहरात कुणी ‘बाळा’ म्हणालं की बरं वाटतं.

ब्लॉग बरा चालला आहे. हजारांत वाचक झाले. सर म्हणतात, तुमचा आवाज सापडला.

गुंजन

•

नाचणगाव,
१ फेब्रुवारी २०२४
(या पत्राचा वरचा उजवा कोपरा फाडलेला आहे.)

बाळा,

“मसाला भाजताना घरातल्याईले ठसका आला पाह्यजे, नाई तं समज भाजलाच नाई.”

हे आईचं शेवटचं बोलणं. परवा, मंगळवारी सकाळी, ती गेली.

तुला फोनवर कळलंच आहे. तरी तिनं बजावून ठेवलं होतं, “माया मागं गुंजनले कागद टाकजो. रीतीनं टाकजो.” तिला तुझ्या पत्रांचा फार लळा लागला होता. म्हणून रीतीनं टाकते आहे. दारातच उभी राहून वाच. पुढे काय करायचं ते तुझ्या आईला, आनंदामावशीला, विचार.

मी कढईत धने-खोबरं भाजत होते. धूर तिच्या खाटेपर्यंत गेला. तिला ठसका लागला आणि खोकता खोकता ती हसली. मग ते वाक्य म्हणाली. मग चहा मागितला, आलं घालून. मी चहा घेऊन आले तर डोळे मिटलेले. मला वाटलं, डुलकी लागली. कप ठेवला आणि तिच्या हाताला हात लावला.

चहा तसाच राहिला. संध्याकाळपर्यंत तो कप कुणी उचलला नाही.

तेरवी अकरा तारखेला, रविवारी आहे. ये.

•

पुणे,
१९ फेब्रुवारी २०२४

मोहिनीताई,

काय लिहू? तेरवीला यायचं तिकीटसुद्धा काढलं होतं. ऐनवेळी एका कंपनीनं भेटायला बोलावलं, आणि ही भेट गेली असती तर वर्ष वाया गेलं असतं. मावशीनं समजून घेतलं असतं.

तुझं पत्र मिळालं. पोस्टात त्याचा कोपरा फाटला होता, पण मजकूर सगळा शाबूत आहे. आजवर आलेल्या पत्रांत हे सगळ्यात सुंदर आहे. फ्रेम करून टेबलासमोर लावलं आहे.

तू आता लिहिणं थांबवू नकोस हं.

गुंजन

•

नाचणगाव,
६ जून २०२४

अंजू,

नालवाडी इथून तासाभरावर आणि मी तुला पत्र टाकते आहे. फोनवर बोलायला गेले की रडू येतं, आणि मला या गोष्टीसाठी रडायचं नाही.

तुला गुंजन आठवते ना, आनंदामावशीची मुलगी? आपण दहावीला होतो तेव्हा ती शाळेच्या फाटकात येऊन रडायची, मला घरी घेऊन चला म्हणून. तिला मी सहा महिने पत्रं लिहिली. आईचं बोलणं, आईच्या भाज्या. काल खुशीनं मोबाइल समोर धरला. म्हणाली, “आई, हे तुहं अक्षर आहे ना वो?”

ब्लॉगचं नाव ‘आजीची पत्रं’. वर गुंजनचा फोटो, नऊवारी नेसलेली, कपाळाला मोठं कुंकू. खाली लिहिलंय की वर्ध्याकडे तिची आजी राहते, तिला मोबाइल आवडत नाही, ती फक्त पत्रं लिहिते. आणि त्यानंतर माझी पत्रं. एकेकाचा अर्धामुर्धा फोटो, नावगाव कापलेला, आणि खाली टाइप केलेला मजकूर. सहाच्या सहा. शाईचं पेन आणि पिवळा कागद कशाला धाडले ते काल समजलं. ‘बाळा’ कशाला हवं होतं तेही. एक्केचाळीस वर्षांची मी, तिनं मला आजी करून टाकली. ‘सांबार’ खोडून सगळीकडे ‘कोथिंबीर’ केलं आहे.

एवढं मी गिळलं असतं. पण वाचणारे खाली लिहायला लागले की आम्हाला आजीला भेटायचं आहे. मग हिनं काय केलं? आजीला मारलं. आई गेली तेव्हाचं पत्र तिनं शब्द न शब्द उतरवलं आहे, फक्त ‘आई’च्या जागी ‘आजी’ आणि माझ्या जागी ती स्वतः. लिहिलंय, “मी चहा घेऊन आले तर आजीचे डोळे मिटलेले.” अंजू, ती त्या वेळी पुण्यात होती. तेरवीलासुद्धा आली नाही. त्याखाली चार हजार माणसांनी हात जोडले आहेत आणि त्याच्याही खाली तुपाची जाहिरात आहे.

कुंताबाई हे नाव कुठेही नाही. मी वरपासून खालपर्यंत दोनदा शोधलं.

मी तिला सोडणार नाही. कसं ते अजून ठरवलेलं नाही, पण सोडणार नाही.

मोहिनी

•

नालवाडी, वर्धा,
१५ जून २०२४

मोहिनी,

तुझं पत्र वाचून माझंच डोकं तापलं. पण ऐक. तू तिला सरळ फोन कर आणि झाड. नाही तर कंपनीला लिही की पत्रं माझी आहेत, आई माझी आहे. शाळेत मुलं एकमेकांचं उत्तर उतरवतात तेव्हा मी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवते, तेवढ्यानं काम होतं. तुझं अक्षर हाच पुरावा आहे.

पोटात ठेवू नकोस. तुझा राग मला माहीत आहे. नववीत तुझी निबंधाची वही लपवली म्हणून तू दोन वर्षं माझ्याशी बोलली नव्हतीस.

अंजू

•

पुणे,
२२ जुलै २०२४

मोहिनीताई,

आधी गोड बातमी, मग कबुली.

‘अन्नसाज’ नावाची मसाल्याची कंपनी आहे. ते माझे प्रायोजक झाले. नुसती ब्लॉगवर जाहिरात नाही, माझ्या नावानं मसाला काढताहेत, ‘आजीचा काळा मसाला’. पाकिटावर माझा फोटो आणि मागे आजीचं पत्र. दिवाळीआधी पहिल्यांदा वर्ध्यातच विक्रीला आणणार, कारण चव तिथली. याच दिवसासाठी मी सगळं केलं.

आता कबुली. तुझी काही पत्रं मी ब्लॉगवर वापरली. थोडा फेरफार केला, आजी वगैरे. लोकांना मावशीपेक्षा आजी जवळची वाटते, त्यात वाईट हेतू नव्हता. तू मोठ्या मनाची आहेस. कंपनीच्या वकिलांना वारसाची संमती हवी आहे, म्हणून सोबतच्या कागदावर सही करून पाठव. मुकेशभाऊजींची मिरची कंपनी थेट मळ्यातून उचलेल, मी बोलून ठेवलं आहे.

मावशीचं नाव घालावं असं मी सुचवलं होतं. पण विवेक सर, ते तिथले जाहिरातीचे प्रमुख, मुंबईचे आहेत, म्हणाले की नाव घातलं की ती एकाच घरातली होते, नुसती आजी सगळ्यांची होते. मलाही पटलं.

आता एकाच बाबतीत तुझं मत हवं. पाकिटासाठी तीन पत्रं निवडली आहेत. अंबाडीचं, वांग्याचं, आणि ते ठसक्याचं, कोपरा फाटलेलं. विवेक सरांना ते फाटकंच आवडलं आहे. म्हणाले, कोपऱ्यामुळे अगदी खरं वाटतं. वरच्या चार ओळी ठेवायच्या आणि खालचं पुसट करायचं. तुला काय वाटतं? तुला या गोष्टींची नजर आहे.

तुझी गुंजन

•

नाचणगाव,
३० जुलै २०२४

बाळा,

सही करून कागद पाठवला आहे. मन मोठं करायचं ते केलं.

विवेक सरांची नजर चांगली आहे. अंबाडीचं पत्र घाईत लिहिलं होतं, त्यात ओळी तिरक्या गेल्या आहेत. ठसक्याचंच घ्या. वरची तारीख ठेवा, माझ्या अक्षरातली. कोपरा मात्र झाकू नका, चौकटीत बसवायला कापू नका. फाटलेला दिसू द्या, चांगला ठळक. आपल्याकडे तो कोपरा बघूनच माणसं पत्र हातात घेतात.

आनंदामावशीला आधी दाखवू नकोस. एकदम पाकीटच हातात दे, तिला आनंद होईल.

मोहिनी

•

नाचणगाव,
१ ऑगस्ट २०२४

अंजू,

ठरलं. मला काहीच करावं लागलं नाही. तिनंच दोर आणून दिला आणि विचारलं, गाठ कुठे मारू?

मयताचं पत्र कसं असतं ते तुला सांगायला नको. तुझे आजोबा गेले तेव्हा तुमच्याकडून आमच्याकडे आलं होतं. कोपरा फाडलेलं. आईनं ते उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचून घेतलं, तिथेच फाडलं, हातपाय धुतले आणि मग आत आली. असं पत्र घरात आणायचं नाही, ठेवायचं तर नाहीच. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गुंजनला नाही. तिच्या वेळेला मोबाइल आले, तिनं असं पत्र कधी पाहिलंच नाही. तिला वाटतं, पोस्टानं फाडलं. मी लिहिलं होतं, पुढे काय करायचं ते आईला विचार. तिनं विचारलं नाही. फ्रेम करून भिंतीवर टांगलं.

आता तेच पत्र मसाल्याच्या पाकिटावर छापून ती वर्ध्याच्या बाजारात आणणार. दिवाळीच्या तोंडावर. कोणती बाई ते आपल्या चुलीजवळ नेईल? मी तिला सांगू शकले असते. एका ओळीचं काम होतं. मी लिहिलं, कोपरा ठळक दिसू द्या.

तू म्हणतेस कंपनीला लिही. कंपनी काय करेल? माफी मागेल आणि दुसरी आजी शोधेल. मला तिचं तोंड बघायचं आहे, अंजू. ते वर्ध्यातच, आपल्या माणसांत उतरलेलं बघायचं आहे. गेले दोन दिवस मी गुणगुणत भांडी घासते आहे.

मुकेशना सगळं सांगितलं. मिरचीचंही सांगितलं. म्हणाले, “मिरची मंडीतई जाते. तुले जे करायचं ते कर. फक्त माया समोर आईचं नाव घेऊन रडू नको.” मी रडत नाही.

मोहिनी

•

नालवाडी, वर्धा,
९ ऑगस्ट २०२४

मोहिनी,

दोनच ओळी लिहिते. गुंजनचं काय व्हायचं ते होवो, मला तिची दया नाही. पण ते पत्र कुंतामावशीचं आहे. गुंजननं ते भिंतीवर टांगलं, तू ते बाजारात मांडते आहेस. अजून दोन महिने हातात आहेत. विचार कर.

अंजू

•

पिपरी मेघे, वर्धा,
१२ नोव्हेंबर २०२४

मोहिनीताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. नाचणगाव इथून किती लांब आहे? पण मला तिथे पाय ठेवायची सोय तू ठेवली नाहीस.

वीस ऑक्टोबरला बाजारात मांडव घातला होता. मी नऊवारीत उभी, विवेक सर माइकवर. पहिलं पाकीट एका वासुदेवराव नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी उचललं. उलटं केलं, चष्मा लावला, आणि माझ्याकडे बघून विचारलं, “कोन गेलं, बाई?” मला कळेना. मी म्हटलं, ही माझ्या आजीची आठवण आहे. त्यांनी पाकीट दोन बोटांनी धरून टेबलाच्या पार कडेला ठेवलं. मागून एक बाई आली, तिच्या मुलीनं पाकीट हातात घेतलं होतं, तिनं ते काढून ठेवलं आणि मुलीला नळावर नेऊन तिचे हात धुतले. विवेक सरांना वाटलं, बायका किमतीवरून कुरकुरताहेत. ते माइकवर सांगत सुटले, “हे आजीचं खरं पत्र आहे, अगदी जसंच्या तसं.” तेव्हा गर्दीतून कुणी तरी मोठ्यानं विचारलं, “मंग आतापर्यंत फाडलं काऊन नाई?”

दुपारपर्यंत मांडव रिकामा. आठवड्याभरात दुकानदारांनी खोकी परत केली. आणि मग ब्लॉगवर सुरू झालं. ही आजी नाहीच, ही नाचणगावच्या कुंताबाई. अक्षर मोहिनीबाईचं, आमच्या लग्नपत्रिकेवर आहे, बघा. लोकांनी पत्रिकांचे फोटो टाकले, ताई. शेकड्यानं. कंपनीनं करार मोडला. वर्गातल्या सरांनी माझं नाव त्यांच्या यादीतून काढलं. ज्या नावासाठी दीड वर्ष झिजले ते आता कुणी उच्चारलं तर हसण्यासाठी.

पण मी हे त्यासाठी लिहीत नाही. तू म्हणालीस तसं पाकीट एकदम आईच्या हातात दिलं. तिनं दारातच वाचलं. वाचल्यावर अंगणात फेकलं आणि भर दुपारी नेसत्या साडीनिशी न्हाणीत गेली. बाहेर आल्यावर मी फ्रेमचं सांगितलं, तेव्हा एवढंच बोलली, “कुंतीचं पत्र तुयापाशी आलतं? नऊ महिने तू ते भितीले लावून ठेवलंतं?” तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, पण बोलत नाही.

तुला माहीत होतं. तू एक शब्द लिहिला असतास तर हे टळलं असतं. मी चुकले, मान्य. पण मी अजाणता चुकले आणि तू जाणून बुजून केलंस. मावशीच्या मरणाचा तू असा उपयोग केलास, तुझ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

उत्तर दे.

गुंजन

•

नाचणगाव,
२० नोव्हेंबर २०२४

गुंजन,

उत्तर मागितलंस, देते.

अजाणता म्हणतेस. पेन आणि कागद अजाणता धाडलेस? ‘बाळा’ लिही, सही करू नको, हे अजाणता सांगितलंस? चहाचा कप माझ्या हातातून काढून स्वतःच्या हातात घेतलास, तो अजाणता? तुला एकच गोष्ट ठाऊक नव्हती, फाटलेल्या कोपऱ्याची. आणि ती विचार असं मी लिहिलं होतं. तुझी आई फोनच्या एका हाकेवर होती. विचारायला तुला त्या पत्रात माणूस मेलेलं दिसायला हवं होतं. तुला ते सुंदर दिसलं.

हो, मला माहीत होतं. ‘कोपरा ठळक दिसू द्या’ हे मी घोटून, वळणदार अक्षरात लिहिलं. वीस तारखेला मी वर्ध्यात होते. समोरच्या कापडदुकानाच्या पायरीवर, तोंडावर पदर घेऊन. वासुदेवरावांनी विचारलं तेव्हा तुझं तोंड मी पाहिलं. त्यासाठीच आले होते. घरी येताना पुलगावात उतरून मी खुशीसाठी जिलेबी घेतली आणि मुकेशसारखी अर्धी वाटेतच खाल्ली.

फरक काय राहिला विचारतेस. अंजूनंही हेच लिहिलं होतं. आठ दिवसांपूर्वी पुलगावच्या बाजारात एक पाकीट चिखलात पडलेलं दिसलं. त्यावर माझं अक्षर, आईचं वाक्य, आणि वरून सायकली जात होत्या. मी उचललं नाही. उचलायचं नसतं. पण मला तिथून लवकर निघताही आलं नाही. तेवढं माझ्या वाट्याचं, ते मी भोगीन. त्यात तुझी भागीदारी नको.

एक गोष्ट तुला कळायला हवी. आमच्या इथे कैलासच्या दुकानात पाच खोकी आली होती. परत न्यायला कुणी आलं नाही. परवा तो दुकानाच्या पायरीवर बसला आणि एकेक पाकीट फाडायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. येणारीजाणारी माणसं थांबली, चंद्रभानकाका बसले, नत्थूजी बसले, शेजारच्या दोन सुना बसल्या. सगळ्यांनी मिळून फाडली. मसाला खड्ड्यात, कागद जाळात. मग सगळे नळावर हातपाय धुऊन आपापल्या घरी गेले. वाटेनं जाणारा कुणी विचारायचा, कुणाचं आहे, आणि कैलास सांगायचा, “कुंताबाईचं.” मी दारात उभी राहून ऐकत होते. आईचं नाव एका दिवसात इतक्यांदा कधी कुणी घेतलं नव्हतं.

दहा महिने अडकलेलं पत्र एकदाचं फाडलं गेलं. तुझ्या एकटीचं काम अख्ख्या गावाला करावं लागलं.

आनंदामावशीला सांग, तेरवीला तिच्या शेजारी तुझ्यासाठी वाढून ठेवलेलं ताट मी आजही विसरले नाही. येशील म्हणून आम्ही पंगत अर्धा तास थांबवली होती.

आता हे माझं शेवटचं पत्र. तू लहानपणी ज्या बहिणीकडून पाटीवर कित्ता काढून घेतलास, तिची बातमी यात आहे. दारातच उभी राहून वाच. पुढे काय करायचं ते या वेळी तरी आईला विचार.

कोपरा पोस्टात फाटलेला नाही. मी फाडला आहे.